मिस्टर आय. ए. ओल्टमान्स

एम्डेन बंदरात, जाळी आणि दोरखंड विकणाऱ्या पेढीत
मी उमेदवारीला लागले त्या सोमवारी
फ्रॉयलाइन ओल्टमान्सनी कोरं पाकीट पुढ्यात सरकवलं.
लिही, म्हणाल्या.
मी लिहिलं, हेर यान्सेन.
पेन्सिलीचं मागचं टोक त्यांनी नावाआधी टेकवलं.
"न कुठाय?
पाकीट कुणाला चाललंय? त्यांना. म्हणून हेर्न.
आत, मायन्यात, ते समोर बसलेले असतात.
तिथे नुसतं हेर."
त्या एका न-पायी मी नऊ पाकिटं फाडली.

मग बाकीचं.
मायन्यापुढे उद्गारचिन्ह,
धक्क्यावरून बोटीला हाक मारावी तसं.
प्रोफेसर अख्खा लिहायचा, डॉक्टर तोडून टिंब द्यायचं.
डॉक्टरची बायको डॉक्टर नव्हे.
"पाववाला म्हणतो, म्हणू दे. कागदावर नाही."

इंग्रजांचं आणखी निराळं.
नावामागे एस्क्वायर लावलं की पुढचं मिस्टर काढायचं,
एका डोक्यावर दोन टोप्या घालत नाहीत.
नाव ठाऊक नसेल तर शेवटी 'फेथफुली',
ठाऊक असेल तर 'सिन्सिअरली'.
"म्हणजे निष्ठा अनोळख्याशी
आणि ओळखीच्याशी नुसता प्रामाणिकपणा?"
फ्रॉयलाइन हसल्या नाहीत.
उठून खिडकी लावली. बाहेर हेरिंगचा वास होता.

तेव्हा त्या सत्तेचाळीस वर्षांच्या.
टपाल आणणारा सतरा वर्षांचा पोऱ्या, मिसरूड न फुटलेला,
तो हेर फोकेन.
आणि या फ्रॉयलाइन.
आमच्या व्याकरणात ती नव्हेच, ते.
ते कोकरू, ते पिल्लू, ते फ्रॉयलाइन.
"फ्रॉयलाइन, कॉफी," साहेब आतून म्हणत.

ग्रिम्सबीहून महिन्याला एक पत्र यायचं.
साहेबांच्या वतीने सही करताना
त्या आधी दोन अक्षरं टंकत, इ. आ.,
'यांच्या वतीने' एवढाच त्याचा अर्थ.
तिकडे पायबस नावाच्या गृहस्थांना
ती आद्याक्षरं वाटली.
अकरा वर्षं पाकिटावर येत राहिलं,
मिस्टर आय. ए. ओल्टमान्स.
'आपण म्हणता तो भाव मान्य.
आपल्यासारख्या माणसाशी घासाघीस करणं मला जमत नाही.'

मी म्हटलं, कळवायला हवं. चूक आहे ती.
नऊ पाकिटं फाडायला लावणाऱ्या बाईंनी
टंकयंत्राच्या पट्टीवरून रुमाल फिरवला.
"इंग्रजी पत्रव्यवहारात
समोरच्याची चूक दाखवणं असभ्य समजतात."
हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही.
मी शोधला.

बाहत्तर साली बॉनहून परिपत्रक निघालं,
सरकारी कचेऱ्यांत यापुढे फ्रॉयलाइन नाही, सगळ्या फ्राउ.
आमच्या साहेबांनी दोन दिवस
जिभेला वळण लावून पाहिलं, मग सोडून दिलं.
त्याच उन्हाळ्यात पायबस गेले.
मुलीने चार ओळींत कळवलं, खाली नुसतं एनिड पायबस.
मिस की मिसेस, काहीच सुगावा नाही.

सांत्वनाच्या पत्राचे पाच मसुदे झाले.
शेवटी पाकिटावर त्यांनी लिहिलं, एनिड पायबस.
नावापुढे काही नाही. जागा तेवढी सोडली.
आणि सहीत, माझ्या देखत पहिल्यांदा,
इ. आ. न घालता
वीब्के ओल्टमान्स.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं.
'डिअर मिस्टर वीब्के ओल्टमान्स,
बाबा म्हणायचे, समुद्रापलीकडे
एवढा सरळ माणूस एकच.
आपली, (मिस) एनिड पायबस.'

त्यांनी ते दोनदा वाचलं.
आणि हसल्या. इतक्या, की चष्मा काढावा लागला.
आतून "फ्रॉयलाइन" अशी हाक आली,
त्या जागच्या हलल्या नाहीत.
मला म्हणाल्या, कागद चढव.
डिअर मिस पायबस.
आणि सहीआधी ती दोन अक्षरं घाल.

कुणाच्या वतीने, ते मी विचारलं नाही.